मेलकावेरीतला समुद्र

कुंभकोणमला समुद्र नाही. नदी आहे, नदीच्या फांद्या आहेत, चार पावलांवर देवळाचं तळं आहे, आणि बारा वर्षांनी एकदा महामहमच्या तळ्यात गंगेपासून सगळ्या नद्या येऊन जातात. समुद्राला मात्र कुणी आवतण दिलेलं नाही. तो पूर्वेला कारैक्कालजवळ आपल्या जागी असतो, आणि तिथंच बरा असतो. हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. तोवर समुद्र गावातल्या मेलकावेरी भागातल्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या जागी येऊन बसला होता.

आणला माझ्या मुलीनं, नित्यानं. ती तूतुकुडीला समुद्री मासे वाढवणाऱ्या एका केंद्रात काम करते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले इवले मासे असतात ना, त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं जगवायची, हे तिचं काम. ती जगत नसत. एकामागून एक खेप तिच्या डोळ्यांदेखत मरायची, आणि त्या दिवसांत तिचा फोन आला की "जेवलांत का?" एवढंच विचारून ठेवून द्यायची. मग एका खेपेतली दोन जगली. पोंगलच्या सुट्टीत ती त्या दोघांना, काचेच्या भल्यामोठ्या टाकीला, पंपाला, दिव्याला आणि खास मिठाच्या बादलीला घेऊन घरी आली.

"अप्पा, माझ्या हातून वांचलेलीं हीं पहिलीं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणापाशीं ठेवायास जीव होत नाहीं. तुम्हीं सांभाळा. एकच गोष्ट पाहायची. पाण्याचा खारटपणा पस्तीस. कमी नको, जास्त नको."

आम्ही घरात बोलतो ती मराठी ही अशी. पूर्वज तंजावरच्या दरबारी आले तेव्हा जी घेऊन आले तीच, वर तमिळची फोडणी. पुण्याहून आलेला एक पाहुणा म्हणाला होता, तुमचं बोलणं ऐकून बखर वाचल्यासारखं वाटतं. त्याला वाटलं तो स्तुती करतोय. म्हणून लिहिताना मी पुस्तकातली मराठी लिहितो.

"पस्तीस म्हणजे केवढें?" माझ्या बायकोनं, सीतालक्ष्मीनं, विचारलं. "रसमाएवढें?"

"रसमाच्या तिप्पट," मीनाक्षीअक्का म्हणाली.

अक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. गावातल्या निम्म्या बायका अजूनही तिला रस्त्यात पाहिलं की पदर सारखा करतात. निवृत्त झाल्यापासून ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते आणि खालच्या मजल्यावर लक्ष ठेवते. खारटपणा मोजायची नळी तिनं तेव्हाच ताब्यात घेतली. दुर्बिणीसारखी छोटी नळी असते. टोकाच्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आत पाहायचं, निळी रेघ ज्या आकड्यावर थांबेल तो खारटपणा. मी एकदा मागितली तर म्हणाली, "राधाकृष्णा, तुझा डोळा गिऱ्हाईक पाहण्याचा. हें काम तुज जमायाचें नाहीं." चार पिढ्यांचं पितळेचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

पितळेवरून आठवलं. टाकी मांडून झाली तसा मी दुकानातून एक सुबक पितळी कासव घेऊन आलो, तळाशी शोभेल म्हणून. नित्यानं ते माझ्या हातातून हिसकावलंच.

"अप्पा! पितळेंत तांबें असतें! समुद्राच्या जीवांस तें विष!"

हे ती शेजारच्या चंद्रमौलींच्या देखत बोलली. चंद्रमौली वीज खात्यातून निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ. खात्यात असताना ते काय करत ते ठाऊक नाही, पण आता सल्ला देतात. त्यांनी कासवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाले, "सार, मग आम्ही इतकी वर्षं तुमच्या टंबलरमधून कॉफी पितोय, त्याचं काय?" माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडून, माझ्या धंद्याची अशी शोभा झाली. मी कासव मुकाट्यानं दुकानात परत नेलं.

नित्या गेली. टाकीतलं पाणी अधूनमधून थोडं काढून नवं घालावं लागतं, त्यामुळे बादलीतलं मीठ संपत आलं. नित्या फोनवर म्हणाली, चेन्नईहून नवी बादली मागवते. चंद्रमौलींना ते पटेना. "एवढा समुद्र उशाशी असताना बादलीतला समुद्र कशाला? डबे घेऊन कारैक्कालला जा, भरून आणा!" उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जातं! पण नेमक्या त्याच आठवड्यात मला कारैक्कालच्या एका गिऱ्हाइकाकडे समया पोचवायच्या होत्या. व्हॅन रिकामी परत यायची, ती मी समुद्र भरून आणली.

कारैक्काल पुदुच्चेरीच्या हद्दीत. तिथं दारू स्वस्त, म्हणून तमिळनाडूत शिरताना नाक्यावर गाड्या तपासतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मलाही होतं. पण आमच्या घराण्यात कॉफीपलीकडे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे हे आपल्याबद्दल आहे असं कधी वाटलंच नव्हतं. पोलिसानं व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत डब्यांची रांग, आणि प्रत्येकात पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी.

"हे काय आहे?"

"समुद्राचं पाणी."

"कशाला?"

"घरी समुद्र आहे. त्यात घालायला."

पोलिसानं साहेबाला बोलावलं. साहेब फार सज्जन होते. त्यांनी अदबीनं विचारलं, "सार, तमिळनाडूला एवढा लांब किनारा आहे. मग तुम्हाला पुदुच्चेरीचाच समुद्र का लागला?" मी समयांची पावती पुढे केली. मग एकेक डबा उघडून हुंगण्यात आला. हुंगून खात्री पटेना तेव्हा साहेब म्हणाले, "एक घोट घ्या." कपाळाला गोपीचंदन, खांद्यावर अंगवस्त्र, अशा थाटात मी भर रस्त्यात उभा राहून डबा तोंडाला लावला. माझं तोंड पाहून साहेबांची खात्री पटली आणि त्यांनी मला स्वतःची पाण्याची बाटली दिली. तेवढ्यात मागे एक बस येऊन थांबली होती आणि खिडक्या डोक्यांनी भरल्या होत्या. त्यातलं एखादं डोकं कुंभकोणमचं असणार. कारण मी घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती, की पितळेवाले राधाकृष्ण राव नाक्यावर पिताना सापडले.

अक्कानं थेंब नळीवर ठेवला, खिडकीकडे धरला, खाली घेतला, पुन्हा धरला.

"बावीस."

"समुद्र, आणि बावीस?"

"कोठून भरलेंस?"

"नदीच्या मुखापाशीं. तेथें व्हॅन खालीं उतरते."

"नदी कोणती?"

मी डब्याचं झाकण घट्ट करायला लागलो.

"अरसलार," अक्का नळी पुसत म्हणाली. "आपल्या गांवावरून वाहते तीच. गोड पाणी समुद्रांत मिसळायास लागतें त्या जागीं डबा बुडवलास. इतका दूर जाऊन, पोलिसांदेखत पिऊन, आपल्याच गांवचें पाणी माघारें आणिलेंस."

चेन्नईहून बादली आली.

आता माशांबद्दल सांगायला हवं, कारण इतकं होऊनही ते ज्यांच्यासाठी झालं त्यांच्यावर राग धरता येईना. दोघांत मोठी ती मादी, लहान तो नर. आम्ही त्यांना थोरली आणि धाकला म्हणत असू. थोरली पुढे चाले, धाकला मागे. ती जवळ आली की हा अंग थरथरवून मान्य मान्य म्हणे. घरातली ही रीत मला नवी नव्हती. तळाशी एक मातीची कुंडी आडवी ठेवली होती, ते त्यांचं घर. सकाळी सीतालक्ष्मी टाकीसमोर बसून फुलं ओवी आणि ते दोघं काचेशी येऊन तिच्या बोटांकडे बघत राहत. नित्या तूतुकुडीला गेल्यापासून सीतालक्ष्मी सकाळची फारशी बोलत नसे. आता ती त्यांना कालच्या भाजीपासून सगळं सांगे. मी वर्तमानपत्र धरून बसत असे, पण खरं म्हणजे मीही बघत असे. इतका सुंदर रंग देवानं एवढ्याशा अंगावर का खर्च केला असेल, असं वाटे.

गल्लीलाही तसंच वाटलं. आधी शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे, मग सासरहून आलेल्या मुली, मग स्वामीमलैला दर्शनाला निघालेली कुणाची तरी सगळी मंडळी. जो येई तो तोंडावर हात ठेवून म्हणे, "एव्वळवु अळगु!" काय हे रूप! चंद्रमौलींच्या पत्नी भुवनेश्वरीमामी एकदा हा मेळा पाहून गंभीर झाल्या आणि त्यांच्याकडची म्हण म्हणाल्या, "कल्लडि पट्टालुम कण्णडि पडक्कूडादु." दगड लागला तर चालेल, नजर लागू नये. मी हसलो. सीतालक्ष्मी हसली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चैत्राचं ऊन तापलं आणि आकडा चढायला लागला. छत्तीस. सदतीस. नित्या फोनवर म्हणाली, उन्हानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, तर जेवढं उडालं तेवढं गोड पाणी घाला. घातलं. अडतीस. आणखी घातलं. चाळीस! थोरली कुंडीमागे जाऊन बसली ती बाहेर येईना. धाकला पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागला. दोघांनी खाणं टाकलं. अक्कानं नळीवरचा विश्वास काढून घेतला आणि दुसरी मागवली. दुसरीही तेच म्हणाली.

चंद्रमौलींनी भिंतीकडे बोट दाखवलं. जुन्या भिंतीला लोणा लागतो, तो हवेतून पाण्यात उतरतो. मी दोन दिवस भिंत खरवडली आणि आठवडाभर शिंकलो. मग त्यांनी टाकीचं तोंड दक्षिणेला आहे हे शोधून काढलं. भरली टाकी फिरवायची तर आधी समुद्र उपसावा लागेल, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग घर फिरवा." शेवटी घरातल्यांचा संशय माझ्यावर आला. मी दहीभातावर चव न बघताच मीठ घेतो, आणि टाकीजवळच्या खुर्चीत बसून जेवतो, एवढाच पुरावा. या वयात मला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायला बसवण्यात आलं.

हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, नित्या येणार होती. रोज फोनवर ती विचारी, "कशीं आहेत?" आणि सीतालक्ष्मी म्हणे, "बरीं आहेत." खरं सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही. तिच्या हातून एवढी दोनच वाचली होती, तीही आमच्या घरात मरणार होती. ते नुसतं "जेवलांत का?" पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

एका सकाळी मी पंपाचा स्पंज धुवायला काढला. पिळला तर तळहातावर तीन काळे गोल दाणे. अंडी! अशा हालातही थोरलीनं अंडी घातली! मी ओल्या हातानं जिना चढून वर धावलो. अक्कानं भिंग घेतलं, दाणे उलटेपालटे केले, आणि एक दाणा चक्क दाताखाली धरला.

"मोहरी," ती म्हणाली.

समुद्रात मोहरी पिकत नाही. आम्ही दोघं जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो. सीतालक्ष्मीनं आमच्या हातातली मोहरी पाहिली आणि गॅस बारीक केला.

"शुक्रवारीं दिष्ट काढतें," ती म्हणाली. "अवघा गांव येऊन पाहून जातो. इतक्या डोळ्यांखालीं तीं दोन एवढीशीं. मीठ, मोहरी, मिरची ओंवाळतें. मिरची, मोहरी आगींत टाकतें; चार दाणे मिठांत राहतात. मीठ पाण्यांत विरवायचें असतें, आणि तें पाणी कोणाच्या पायांखालीं येऊं नये. अंगणांत ओतलें तर अवघे तुडवतात. मोरींत टाकलें तर आपणच उभे राहतों. ह्या घरांत कोणाचा पाय पडत नाहीं असें पाणी एकच आहे."

तर्कात कुठं फट नव्हती.

"आणि तें आधींच खारें," ती म्हणाली. "मूठभर मिठानें समुद्राचें काय होतें?"

"एका मुठीनें आकडा इतका चढत नाहीं," अक्का म्हणाली.

"मग आदितवारचें मामींस पुसा."

भुवनेश्वरीमामी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी काहीही नाकारलं नाही. रविवारी, आणि अमावास्येला. मासे मलूल दिसायला लागल्यापासून बुधवारीही. "मुलांसारखी आहेत हो ती," त्या तमिळमध्ये म्हणाल्या आणि चिमटा दातात धरून पुढची चादर झटकली.

अक्कानं बोटांवर हिशेब केला. दोघींच्या सगळ्या मुठी धरल्या तरी आकडा पुरता बसत नव्हता. मी म्हणालो, "उरलेलें?"

अक्का नळी पुसायला लागली. नळी स्वच्छ होती.

"मंगळवारीं," ती शेवटी म्हणाली. "पण मी प्रयोगशाळेच्या प्रतीचें शुद्ध मीठ घेतलें. तोलून. आणि त्यापुरतें गोड पाणी अधिक घातलें, टाकींत मावलें तेवढें. माझें मी हिशेबांत धरिलें होतें. ह्यांचें कोणी धरिलें नाहीं."

मग सगळं उलगडलं. मासे मलूल दिसले की तिघी आपापल्या मनात म्हणत, नजर लागली. नजर काढली की खारटपणा चढे. चढला की मासे आणखी मलूल. माझ्या घरात तीन बायका आपापल्या वारी गुपचूप त्या माशांना मायेनं मारत होत्या, आणि भिंतीकडे तोंड करून मी जेवत होतो. यावर एक खणखणीत व्याख्यान द्यायची संधी चालून आली होती. मी घसा साफसुद्धा केला. पण तिघींचे चेहरे बघितले आणि ते व्याख्यान कुठं गेलं कोण जाणे. एवढ्या मुठी त्या दोन जिवांवरून ओवाळल्या गेल्या होत्या. नित्याच्या लहानपणीही तिच्यावरून इतकं मीठ उतरलं नसेल. मला त्या तिघींचं फार कौतुक वाटलं, आणि ते लपवायला मी ओरडलो, "माझी खुर्ची आणा आधीं!"

पाणी एकदम बदललं तर मासे हबकतात. म्हणून अक्का रोज थोडं खारं पाणी काढी, तेवढंच गोड घाली, नळी डोळ्याला लावी आणि आकडा मोठ्यानं म्हणे. आम्ही सगळे टाकीभोवती उभे राहून तो ऐकत असू. एका दुपारी धाकला कुंडीतून बाहेर आला आणि सीतालक्ष्मीच्या बोटांकडे बघायला लागला. ती फुलं तशीच टाकून देवापाशी जाऊन बसली.

राहिला एकच प्रश्न, आणि तो तिघींनी मला अगदी गंभीरपणे विचारला: आता दृष्ट काढायची ती टाकायची कुठं? काढूच नका, हे उत्तर कुणाच्या विचारातसुद्धा नव्हतं. मी दुकानात गेलो आणि सगळ्यांत मोठी उरुळी घेऊन आलो. उरुळी म्हणजे पसरट तोंडाचं जाड भांडं, ज्यात पाणी भरून फुलं सोडतात. पितळेचं. पितळेला बंदी समुद्राच्या आत होती, बाहेर नव्हती. टाकीशेजारी उंच तिवईवर ती पाण्यानं भरून ठेवली. कुणाचा पाय पडायचा प्रश्नच नाही. चंद्रमौली आले, त्यांनी भांड्यावर टिचकी मारून नाद ऐकला आणि म्हणाले, "सार, हे सुरुवातीलाच करायला हवं होतं." माझ्या धंद्याची इभ्रत त्या दिवशी परत आली.

आडीत नित्या आली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून टाकीसमोर गुडघ्यांवर बसली. थोरली कुंडीपाशी उभी होती आणि धाकला कुंडीच्या आतल्या अंगाला आपल्या इवल्या परांनी वारा घालत होता. तिथं नारिंगी ठिपक्यांचा एक तुकडा चिकटलेला होता. या वेळी मोहरी नव्हती. नित्यानं नळी मागितली, आणि अक्कानं ती दिली! तिनं थेंब पाहिला.

"पस्तीस," ती म्हणाली. "अप्पा, आमच्या येथेंसुद्धां इतकें नेमकें राहत नाहीं." मग तोंडावर हात ठेवून ती त्या ठिपक्यांकडे बघू लागली.

बातमी गल्लीत पसरली आणि पुन्हा रीघ लागली. फरक एवढाच, की या वेळी लोक आधी टाकीकडे आणि मग नित्याकडे बघत. हिनं जगवली. हिच्या हातची पिल्लं. त्यांना आता पिल्लं होणार. काय हात, काय डोकं, काय मुलगी! "एव्वळवु अळगु!" मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो की ती माझी मुलगी आहे, जणू कुणाला शंका होती.

निघायच्या दिवशी जेवणं झाल्यावर नित्याचं लक्ष उरुळीकडे गेलं. काठ हिरवा पडला होता.

"अप्पा, पितळेवाल्याच्या घरांत हिरवें पितळ?"

मी अंगवस्त्रानं काठ पुसायला लागलो. तिला शंका आली. तिनं बोट बुडवून एक थेंब नळीच्या काचेवर ठेवला आणि खिडकीकडे धरला. रेघ सगळे आकडे ओलांडून पार वर गेली होती.

"हें काय आहे?"

सीतालक्ष्मीनं सांगितलं काय आहे ते.

"दोन माशांची एवढी दिष्ट?" नित्या हसायला लागली.

"माशांची चिमूटभर," सीतालक्ष्मी म्हणाली. "तूं आलीस त्याच सकाळीं पाणी बदललें होतें. बाकी अवघें तूं आल्यापासूनचें."

नित्याचं हसू थांबलं. तिनं आईकडे पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं, तर अक्का पंख्याकडे बघत होती. कुंपणापलीकडे मामींना अचानक खोकला आला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हात झटकले, पण खडेमिठाचा एक कण बोटाला चिकटलेला होता, आणि माझ्या मुलीचा डोळा मोजणीचा आहे.

तिनं नळी पुसली, पुन्हा पुसली, डबीत ठेवली.

"जेवलांत का?" ती म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याच पंक्तीला बसून आत्ताच जेवून उठलो होतो.

"जेवलों," मी म्हणालो.